मणक्यातले सिमेंट आणि छातीतली कळ

प्रश्न : आईचे वय 71. हाडे ठिसूळ झाल्याने कमरेचा मणका दबला, म्हणून व्हर्टिब्रोप्लास्टी करून सुईने सिमेंट भरले. पाठदुखी गेली, पण तीन आठवड्यांनी छातीत टोचू लागले, खोल श्वास घेतला की जास्तच. ईसीजी नॉर्मल आहे. याचा पाठीच्या उपचाराशी संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. क्वचितच असतो, पण ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय सोडू नका. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि मणक्यात सिमेंट भरल्याचे पहिल्याच वाक्यात सांगा. छातीत दुखते म्हणून आलेल्याला पाठीबद्दल सहसा कोणी विचारत नाही.

हे सिमेंट म्हणजे पीएमएमए नावाचे अ‍ॅक्रिलिक. पावडर आणि द्रव कालवले की काही मिनिटांत घट्ट होते. पातळ असतानाच दाबून भरले, तर मणक्याच्या शिरांत शिरते आणि महाशिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचते. बहुतेक वेळा बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात, त्रासही देत नाहीत. खरी पंचाईत होते ती तुकडा उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या उजवीकडच्या खालच्या कप्प्यात, अडकला तर. शिरेतच घट्ट झाल्याने तो लांबट, टोकदार असतो आणि ठोक्यागणिक भिंतीला टोचतो. भिंत भेदली, तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचते आणि हृदय दाबले जाते. सिमेंट विरघळत नाही, त्यामुळे हे काही महिन्यांनीही घडू शकते.

आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग सीटी, पण पहिला कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषध टोचून रक्तवाहिन्या उठावदार न करता. कॉन्ट्रास्टही पांढरा, सिमेंटही पांढरे, तुकडा त्यात लपतो. रक्ताच्या गुठळीच्या संशयाने रक्त पातळ करणारे औषध सुरू करायचे असेल, तर आधी इको बघितलेला बरा. दम, चक्कर किंवा रक्तदाब उतरणे दिसले, तर हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठा. तुकडा कॅथेटरने किंवा छाती उघडून काढतात.

प्रश्न : वडिलांची हीच प्रक्रिया ठरली आहे. काय विचारावे?

उत्तर : सिमेंट टूथपेस्टइतके घट्ट झाल्यावरच भरणार का, आणि भरताना बाजूने एक्स-रे सतत पाहणार का, हे दोन प्रश्न पुरेत. सिमेंट मणक्याच्या मागच्या कडेजवळ आले किंवा शिरेत दिसले, की हात थांबायला हवा. कमरेच्या मणक्याला थोडे मिलिलिटर पुरतात. जास्त भरल्याने दुखणे जास्त कमी होते असे नाही. फुग्याने आधी पोकळी करून भरण्याच्या पद्धतीत, म्हणजे कायफोप्लास्टीत, गळती कमी होते. थांबत मात्र नाही. गळती दिसली असेल, तर घरी सोडण्याआधी छातीचा एक्स-रे मागून घ्या.