समजून, उमजून आणि जाणूनबुजून

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या अ‍ॅशबर्न गावात २०१६ साली पाच मुलांनी एका जुन्या शाळेच्या भिंती स्प्रेने रंगवून ठेवल्या आणि त्यांत नाझींचं चिन्हही काढलं. परवा चार मराठी घरं एकत्र जेवायला जमली तेव्हा हा विषय निघाला. एक काका म्हणाले, 'सोळा-सतरा वर्षांची मुलं, समजून उमजूनच केलं त्यांनी.' ताई म्हणाल्या, 'त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं.' ताईंचं विचारणं असं की इथे 'समजून उमजून' हा प्रयोग बरोबर आहे का, आणि त्या चिन्हाला 'उलटं स्वस्तिक' म्हणतात ते योग्य का.

दुसरा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण 'उलटं स्वस्तिक' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. ते उलटं नाही. नाझींच्या चिन्हाचे हात ज्या दिशेला वळतात त्याच दिशेला आपल्या उंबऱ्यावरच्या, चोपडीवरच्या आणि लग्नपत्रिकेवरच्या स्वस्तिकाचे वळतात. हिटलरच्या पक्षाने १९२० साली ते झेंड्यावर घेतलं ते लाल कापडावर, पांढऱ्या वर्तुळात, काळ्या रंगात आणि ४५ अंशांत कलतं करून. कलतं आणि उलटं यांत फरक आहे. शिवाय त्यांच्या इमारतींवर ते कैकदा सरळसुद्धा असे. तेव्हा 'त्यांनी आपलं पवित्र चिन्ह उलटं केलं म्हणून त्यांचा नाश झाला' हे जे दर वर्षी दिवाळीच्या सुमारास फोनवर येतं, ते वाचून तिथेच पुसून टाकावं. मुलांना तर ते मुळीच सांगू नये. वर्गातल्या पुस्तकात मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं की हात उजवीकडेच वळलेत, आणि मग आपण सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

यात पंडितांचाही हात आहे. डावीकडे वळणाऱ्या स्वस्तिकाचं नाव 'सौवस्तिक' असं एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय विद्वानांनी, संस्कृतचा जर्मन पंडित माक्स म्युलर यानेसुद्धा, लिहून ठेवलं आणि आपले लोक ते अजून गिरवतात. संस्कृतात सौवस्तिक म्हणजे 'स्वस्ति' म्हणणारा माणूस, आशीर्वाद देणारा. पाणिनीच्या व्याकरणातल्या द्वारादि गणात, म्हणजे शब्दांच्या एका यादीत, 'स्वस्ति' आहे, त्यामुळे पहिल्या स्वराच्या नेहमीच्या वृद्धीऐवजी तिथे 'औ' येतो, एवढाच त्या रूपाचा इतिहास. डाव्या-उजव्याचा त्यात संबंध नाही. माक्स म्युलरची एक गोष्ट मात्र मी मानतो. प्राचीन ट्रॉय नगरीच्या उत्खननात सापडलेल्या अशा खुणांबद्दल ते उत्खनन करणाऱ्या श्लीमानने त्याला विचारलं, तेव्हा त्याने बजावलं होतं की स्वस्तिक हा शब्द भारताबाहेर वापरू नका, त्याला भारतात त्याचा स्वतःचा इतिहास आहे. श्लीमानच्या १८८० च्या ग्रंथात ते छापलेलं आहे. कोणी ऐकलं नाही.

हिटलरचा स्वतःचा शब्द हाकेनक्रॉइत्स. हाकेन म्हणजे आकडा, क्रॉइत्स म्हणजे क्रूस. मराठीत सरळ 'आकडेक्रूस' म्हणता येतं आणि म्हणावं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये या चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी आणली तेव्हा कायद्यात हाकेनक्रॉइत्स हाच शब्द घातला आणि हिंदू, बौद्ध, जैनांच्या स्वस्तिकाला वेगळं ठेवलं. तिथल्या कायद्याला जमतं ते आपल्याला जमायला हवं.

स्वस्तिकाबद्दल इतकंच सांगून पुढे जातो की पाणिनीने हा शब्द दिला आहे तो गुरांच्या कानावरच्या खुणांच्या यादीत. सूत्र ६.३.११५. पुढे 'कर्ण' आला की खुणेच्या नावातला शेवटचा स्वर दीर्घ होतो. ज्या जनावराच्या कानावर विळ्याची खूण ते दात्राकर्ण. पण नऊ शब्दांना हा नियम लागत नाही आणि त्यांत शेवटचा स्वस्तिक, म्हणून स्वस्तिककर्ण. पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका काशिकावृत्ती स्पष्ट सांगते की जनावर कोणाच्या मालकीचं ते कळावं म्हणून ही खूण करतात. अर्थ कळला नाही तरी खूण आपलं काम करते. गाईला कुठे ठाऊक असतं तिच्या कानावर काय आहे! ही गोष्ट ध्यानात असू द्या.

आता 'समजून उमजून'. काकांना म्हणायचं होतं की मुलांनी मुद्दाम केलं. त्यासाठी मराठीत 'जाणूनबुजून' आहे, 'हेतुपुरस्सर' आहे, 'मुद्दाम' तर आहेच. 'समजून उमजून' हा त्यांचा पर्याय म्हणून वापरण्याची खोड गेल्या काही वर्षांत फार बळावली आहे. बातम्यांत रोज ऐकू येतं: 'चालकाने समजून उमजून सिग्नल तोडला.' सिग्नल तोडायला उमजावं काय लागतं? 'समजून उमजून' माणूस लग्नाला होकार देतो, सावकाराचा कागद वाचून सही करतो, दवाखान्यात शस्त्रक्रियेला संमती देतो. त्यात गोष्टीचा आवाका ध्यानात आलेला असतो. हेतू आणि आवाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लाउडनमधला सगळा वाद नेमका त्यांच्यातल्या अंतराबद्दल आहे.

मराठीच्या एका जाणत्या प्राध्यापकांनी मला ठासून सांगितलं होतं की 'उमजून' हा नुसता नादाचा शब्द आहे, 'जेवणबिवण'मधल्या 'बिवण'सारखा. हे मत मला मुळीच मान्य नाही. 'बिवण' एकटं उभं राहत नाही. 'उमजणे' एकटं उभं राहतं: 'मला उमजेना', 'उशिरा उमजलं', 'उमज पडली'. ज्या क्रियापदाला स्वतःची रूपं आणि स्वतःचं नाम आहे त्याला शेपूट म्हणणं हा अन्याय आहे.

दोघांची कुळंच वेगळी. 'समजणे' आलं संबुध्यते पासून, म्हणजे त्यात बुध् धातू, जागं होणं, जाणणं. 'जाणूनबुजून'मधला 'बुजून'ही त्याच बुध् चा (घोडा बुजतो तो बुजणे वेगळा). आणि 'उमजणे'? काही जण उद् + बुध् सांगतात. पण उद्बुध्य मधल्या द् आणि ब् चा प्राकृतात 'ब्ब' होणार, 'म' कुठून येणार? संबुध्य मध्ये अनुस्वार होता म्हणून 'म' आला, इथे तो नाही. उलट उन्मज्ज् घेतला की सगळं सुतासारखं सरळ येतं: उन्मज्जति, प्राकृतात उम्मज्जइ, मराठीत उमजे. मज्ज् म्हणजे बुडणं. निमज्जन म्हणजे खाली जाणं, उन्मज्जन म्हणजे बुडालेलं पाण्यावर येणं. 'मग्न' याच धातूचा. कामात मग्न म्हणजे कामात बुडालेला. मद्गु हा संस्कृतातला पाणपक्षी, बुडी मारणारा, तोही इथलाच. लॅटिनमधला मेर्गेरे, बुडवणे, याचा चुलतभाऊ, आणि त्यातून आलेला इमर्ज हा इंग्रजी शब्द घडणीने थेट उमजण्याचाच जोडीदार: उपसर्ग 'वर, बाहेर' असा आणि धातू बुडण्याचा. हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी तीच वीट तशीच रचली. मला तरी यासारखा आनंद दुसऱ्या कशात मिळत नाही.

कुठल्याही धरणाच्या कडेला पाणकावळा बघावा. पाण्यावर पोहतोय, पोहतोय, आणि टुपकन नाहीसा. कुठे गेला म्हणून आपण बघत राहतो, तो भलत्याच ठिकाणी मान वर काढतो आणि चोचीत मासा असतो. उमजणं हे असं आहे. त्याला मध्ये बुडणं लागतं. जो पाण्यावरच तरंगत होता त्याला वर येता येत नाही, कारण तो खाली गेलाच नव्हता. समज मात्र वरच्या वर देता येते. म्हणूनच मराठीत 'समज देणे' आहे, 'उमज देणे' नाही. पोलीस 'समज देऊन' सोडतात, मुख्याध्यापक 'समज देतात'. कोणी कोणाला उमज दिली असं कानावर आलंय? ती पडते. आणि 'समज' चुकीचाही असतो, 'असा त्याचा समज झाला' म्हणतो आपण. 'असा त्याचा उमज झाला' म्हणत नाही. एका भाषेने दोन क्रियापदांत एवढा भेद राखला असताना दोन्ही एका दमात म्हणून 'मुद्दाम'च्या जागी खपवणं मला सहन होत नाही.

ताईंच्या प्रश्नातल्या मुलांकडे यावं तर पुरावा तिथेच आहे. ती शाळा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या मुलांसाठी बांधलेली एक खोली. वर्णभेदाच्या काळात पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकल्या, आणि त्या सुमारास दुसऱ्या एका शाळेची मुलं तिची डागडुजी करत होती. भिंतींवर काय सापडलं? आकडेक्रूस. 'व्हाइट पॉवर'. त्याच्याच जोडीला 'ब्राउन पॉवर'. अचकटविचकट चित्रं. आणि डायनोसॉर. पाचांत दोन गोरे होते, तिघे अल्पसंख्य समाजांतले. सरकारी वकील अलेजांद्रा रुएडा यांना त्या डायनोसॉरवरूनच वाटलं की हे कट्टर वंशद्वेष्ट्यांचं काम नव्हे, पोरांचं आहे. आणि वर्तमानपत्रांत गवगवा होईपर्यंत आपण काय करून बसलो याचं गांभीर्य त्यांच्यातल्या कोणालाच नव्हतं.

या भिंतीकडे शब्दांच्या अंगाने बघा. जाणूनबुजून? होय. रंगाचा डबा हातात आपोआप येत नाही, रात्री कोणी चुकून भिंतीपाशी जात नाही. समजून? बऱ्याच अंशी होय. हे चिन्ह काढलं की मोठी माणसं खवळतात, एवढं त्यांना पक्कं कळत होतं. नाहीतर त्यांनी अचकटविचकट चित्रांच्या शेजारी ते काढलंच नसतं. दोघांना त्यांनी एकाच रांगेत बसवलं: जे काढू नये ते. उमजून? नाही. पाचांपैकी एकाने पुढे निबंधात लिहिलं की इतिहासाच्या तासाला दोन दिवस हे शिकवलं गेलं होतं, तरी ते चिन्ह आपल्याला फारसं काही सांगत नव्हतं. दोन दिवसांत समज दिली गेली. उमज पडायला वेळ मिळाला नाही.

म्हणून ताईंचं 'काही समजत नव्हतं' हेही मला पटत नाही. असं म्हटलं की मुलाची सुटका होते आणि ज्यांच्या आजोबांची ती शाळा होती त्यांच्या मनाला लागलेली गोष्ट क्षुल्लक ठरते. हे चिन्ह झोंबतं हे ठाऊक असणं आणि ते का झोंबतं हे ठाऊक नसणं, या दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकाच वेळी नांदतात. हात शिकतो, मन मागून येतं. आपल्याकडे पाच-सहा वर्षांचं मूल रांगोळीत स्वस्तिक काढतं तेव्हा आधी अधिकची खूण होते, मग तीन हात बरोबर वळतात आणि चौथा हमखास उलटा जातो. आजी पुसून परत काढायला लावते, चार ठिपके द्यायला विसरू नको म्हणते. स्वस्ति म्हणजे काय हे त्या दिवशी कोणी सांगत नाही. पवित्र चिन्हाच्या बाबतीत हे चालून जातं. द्वेषाच्या चिन्हाच्या बाबतीत चालत नाही, कारण पलीकडे वाचणारा असतो आणि त्याला अर्थ पुरता ठाऊक असतो. गाईच्या कानाबद्दल ध्यानात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

कायदाही इथे मोजमाप करतो ते समजेचं. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ८३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २१, सात ते बारा वर्षांच्या मुलाबद्दल हेच विचारतं की आपल्या कृतीचं स्वरूप आणि परिणाम ओळखण्याइतकी त्याची समज पिकली होती का. बाराच्या पुढे ही सवलत नाही. उमजेचं माप कोणत्याच कायद्यात नाही आणि असूही शकत नाही.

लाउडनच्या न्यायालयात जे झालं त्यासाठी मी या मुलांपेक्षा रुएडाबाईंचं नाव लक्षात ठेवतो. मुलांनी गुन्हा कबूल केला. त्यांना दंड किंवा सफाईचं काम एवढंच सांगून मोकळं करता आलं असतं, म्हणजेच समज देऊन. त्याऐवजी बाईंनी ३५ पुस्तकांची यादी केली. त्यांची आई ग्रंथपाल होती. वर्षभर दर महिन्याला एक पुस्तक निवडायचं, वाचायचं आणि त्यावर लिहून द्यायचं. वॉशिंग्टनमधल्या ज्यूंच्या संहाराच्या स्मारक-संग्रहालयात जायचं. त्या एका खोलीत शिकलेल्या माणसाची मुलाखत ऐकायची. वर्षभर बुडवून ठेवलं त्यांना. ज्या मुलाने तो निबंध लिहिला त्याने शेवटी म्हटलं की आता ते नुसतं चिन्ह वाटत नाही. याला मराठीत उमजणं म्हणतात, आणि याच्याशिवाय दुसऱ्या कशाला म्हणू नये.

तेव्हा ताई, तुमच्या काकांना सांगा: जाणूनबुजून केलं, अर्धं समजून केलं, उमजलं वर्षानंतर. 'समजून उमजून' ते त्या पाच मुलांबद्दल त्या वर्षाच्या शेवटी म्हणू शकले असते, भिंत रंगवली त्या रात्री नाही. आणि तुमच्या घरच्या मुलाला आकडेक्रूस हा शब्द शिकवाच. उच्चाराला सोपा आहे, आणि देवघरातल्या स्वस्तिकाबद्दल वर्गात कोणी विचारलं तर त्याला दोन वेगळ्या वस्तूंची दोन वेगळी नावं हाताशी असतील.