'विशाल', 'मृत' आणि 'उत्क्रांती' : दीर्घिकांच्या फलकावरचे शब्द

प्रश्न असा आहे : ठाण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'विशाल दीर्घिकांची (म्हणजे गॅलेक्सींची) उत्क्रांती' असा फलक लावायचा आहे. एका पालकांचा आक्षेप, की उत्क्रांती सजीवांची होते, 'विकास' लिहा. शिवाय 'क्वेंचिंग'ला, म्हणजे दीर्घिकेत नवे तारे जन्मणं थांबण्याला, मराठीत काय म्हणावं, आणि 'मृत दीर्घिका' हा शब्द चालेल का?

'उत्क्रांती' खुशाल ठेवा. 'ताऱ्यांची उत्क्रांती' मराठीत कधीच रुळली आहे, मग दीर्घिकांनी काय घोडं मारलंय? उलट 'विकास' इथे दिशाभूल करतो. विकास म्हटलं की काहीतरी वाढतंय, सुधारतंय असं वाटतं. विकास घोडबंदर रोडला होतो. दीर्घिकांचं तसं नाही. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं धरलं, तर तारे जन्मण्याचा बहर सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी येऊन गेला. आज तो वेग त्याच्या साधारण एक दशांशावर आला आहे. आणि या ओहोटीत ज्यांचं वस्तुमान सर्वांत जास्त, त्यांचा ताराजन्म सर्वांत आधी थांबला. याला विकास कसं म्हणायचं?

आक्षेप घ्यायचाच तर 'विशाल'वर घ्यायला हवा होता. विशाल, महाकाय, प्रचंड हे सगळे आकाराचे शब्द. इथे बोलायचं आहे वस्तुमानाबद्दल. एरवी हा फरक सोडून दिला असता, पण या विषयाचा कणाच तो आहे. बहराच्या काळात ज्या दीर्घिकांमधला ताराजन्म थांबलेला दिसतो, त्यांतल्या अनेकींत सुमारे १०,००० कोटी सूर्यांइतकं वस्तुमान ताऱ्यांत आहे. म्हणजे आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट. तरीही त्यांचा अर्धा प्रकाश केंद्रापासून तीन-चार हजार प्रकाशवर्षांच्या आतच येतो. आपला सूर्य आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर आहे, हे शेजारी ठेवून बघा. अशा दाबून भरलेल्या दीर्घिकेला 'विशाल' म्हटलं, की मुलांच्या डोळ्यांपुढे नेमकं उलटं चित्र उभं राहतं.

'वजनदार' म्हणावं तर नगरसेवक आठवतात. 'जड' सरळ आहे. जड पाणी, जड मूलद्रव्यं आपण म्हणतोच, तशी जड दीर्घिका.

या जड पण आटोपशीर दीर्घिका पुढे खरोखरच पसरल्या. आज तेवढ्याच वस्तुमानाच्या दीर्घिका तिपटी-चौपटीने मोठ्या दिसतात. हे कसं झालं, याचा ढोबळ हिशेब फलकावर जरूर द्या. तुल्यबळ दोन दीर्घिका एक झाल्या तर वस्तुमान दुप्पट होतं आणि आकारही साधारण दुप्पटच. पण तेवढंच वस्तुमान लहान-लहान दीर्घिका पोटात घेऊन मिळवलं, तर आकार चौपटीपर्यंत जातो, कारण त्या लहानग्यांचे तारे केंद्रापर्यंत पोहोचत नाहीत, बाहेरच्या भागात विखुरतात. इथे 'विलीनीकरण' नको. तो शब्द ऐकला की बँका नाहीतर संस्थानं आठवतात. 'विलय' पुरे.

आता 'क्वेंचिंग'. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात हा शब्द रोजचा आहे : पोलाद लालबुंद तापवायचं आणि तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. जुन्या मराठीत, हत्याराला पाणी देणं. कोशातला हा अर्थ उचलून दीर्घिकेला 'शीतन' लावलं की भौतिकशास्त्र पार उलटं होतं. तारा जन्मायला वायू अतिथंड लागतो, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दहा-वीस अंश वर. जड दीर्घिकेभोवतीचा वायू मात्र लाखो, कधी कोट्यवधी अंशांवर तापलेला राहतो. दीर्घिकेभोवतीच्या कृष्णद्रव्यासकट (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) एकूण वस्तुमान एक लाख कोटी सूर्यांच्या वर गेलं, की आत पडणारा वायू आघातानेच तापतो. त्यात केंद्रातलं कृष्णविवर आपल्या झोतांनी त्याला निवू देत नाही. म्हणजे ताराजन्म थांबतो तो बऱ्याचदा वायू न निवल्यामुळे.

याची दुसरी बाजू उपासमारीची आहे, आणि हा शब्द चपखल आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतून ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला गेला. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने त्यांच्याकडचा हायड्रोजन शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून भर पडली नाही की कारभार आटोपला.

लेखात 'शमन' वापरा, अग्निशमनामुळे तो ओळखीचा आहे. फलकावर मात्र 'विझलेली दीर्घिका' लिहू नका, 'मृत' तर नकोच. विझली म्हणजे काळोख, असंच कोणीही समजेल. कन्या राशीतली एम ८७ घ्या. तिच्यात ताराजन्म जवळपास नाही, पण जुने तारे चांगले तळपत आहेत. एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या दिव्यांपासून दूर, अंधाऱ्या आकाशात चार इंची दुर्बिणीतून तिचा धूसर ठिपका दिसतो. ज्याचं चित्र २०१९ मध्ये जगभर झळकलं ते कृष्णविवर तिच्याच केंद्रात आहे, सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं, आणि त्याचा झोत चालूच आहे. याला मरण म्हणवत नाही. 'ताराजन्म थांबलेली दीर्घिका' लांबलचक आहे खरं, पण बरोबर आहे.

निळ्या आणि तांबड्या दीर्घिकांच्या मधल्या टप्प्याला इंग्रजी 'ग्रीन व्हॅली'वरून शब्दशः 'हिरवी दरी' केलेलं वाचण्यात येतं. मुलं पावसाळ्यातला माळशेज रंगवून मोकळी होतील. ती जागा दीर्घिकांचे रंग मांडणाऱ्या आलेखावरची आहे; दीर्घिका हिरवी नसते. जड, निळे तारे अल्पायुषी असतात, नवे जन्मले नाहीत की निळा रंग आधी जातो आणि दीर्घायुषी तांबडे तारे उरतात. 'मधला टप्पा' लिहा. तसंच लंबवर्तुळाकार दीर्घिकांना खगोलशास्त्रज्ञ 'आधीच्या प्रकारच्या' आणि सर्पिल दीर्घिकांना 'नंतरच्या प्रकारच्या' म्हणतात, ते खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने आकारावरून केलेल्या वर्गीकरणातून आलं आहे. त्याचा वयाशी संबंध नाही, तेव्हा ते फलकावर आणूच नका.

एक आकडा जपून लिहा. जेम्स वेब दुर्बिणीने जिचा वर्णपट घेतला ती जीएस-९२०९ ही दीर्घिका विश्व १२५ कोटी वर्षांचं असतानाची दिसते. सुमारे ४,००० कोटी सूर्यांइतके तारे, अर्धा प्रकाश अवघ्या ७०० प्रकाशवर्षांच्या त्रिज्येत, आणि ताराजन्म तेव्हाच थांबलेला. १,३८० मधून १२५ वजा करून 'ती १,२५५ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे' असं लिहिण्याचा मोह होतो. तो प्रकाशाच्या प्रवासाचा काळ झाला. विश्व दरम्यान प्रसरण पावल्यामुळे तिचं आजचं अंतर त्याच्या दुपटीच्या घरात जातं. म्हणून अंतर न देता 'विश्वाचं तेव्हाचं वय १२५ कोटी वर्षं' एवढंच द्या, आणि ताम्रसृती (प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप, इंग्रजीत 'रेडशिफ्ट') ४.६६ कंसात.