लिही, पण दार नीट लावून

अगं, तुझा नवसांवर टीका करणारा लेख वाचला. मुद्दा पक्का आहे, एक शब्दही मागे घेऊ नकोस. पण सोबतच्या फोटोत गॅलरीमागची सोसायटीची पाटी दिसतेय. ती आजच काढ. मी एकदा उपवन तलावाकाठी बसूनच फोटो टाकला होता. पंधरा मिनिटांत मेसेज आला, ‘तिथेच थांब.’ तेव्हापासून घरी पोचल्याशिवाय काही टाकत नाही.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गाठून मारलं. ढाक्यात नास्तिक लेखक-ब्लॉगर अविजित रॉयना २६ फेब्रुवारी २०१५ ला, पुस्तकमेळ्यातून परतताना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथल्याच निलॉय नील या ब्लॉगरला तर राहत्या घरात मारलं. खोली भाड्याने बघायचीय म्हणून मारेकरी आत शिरले. आपला पाठलाग होतोय हे तो आधीच पोलिसांना सांगायला गेला होता गं! म्हणून अनोळखी माणसाशी जाळीच्या दारातूनच बोल, आणि फिरायची वेळ, रस्ता बदलत राहा.

धमकी आली तर डिलीट करू नकोस. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख जपून ठेव, पोलिसांत लेखी तक्रार दे आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

आईला सांगितलंयस का? नसेल तर रविवारी मी नौपाड्याला येतो, दोघं मिळून सांगू.