गच्चीवर सोलर बसवताय? आधी एवढं बघा

ताई, सोलरचं मनावर घेतलंत, फार छान वाटलं. फक्त घाई करू नका.

आधी वर्षभराची वीजबिलं काढा आणि दर महिन्याचे युनिट मांडा. एक किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी चार युनिट वीज धरा. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसेक. पंखे आधी बदललेत तर कदाचित तीनऐवजी दोन किलोवॉटमध्ये भागेल. जी वीज लागतच नाही तिला पॅनलही लागत नाही.

नवे लोक चुकतात ते इथे:

- सावली. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला स्वतः गच्चीवर जा. टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ, सगळं बघा. मी पाहणी मे महिन्यात केली होती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि जिन्याच्या खोलीची सावली थेट दोन पॅनलवर आली.
- वीज गेली तरी सोलर चालेल, हा समज. साधी ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, बिनबॅटरीची) यंत्रणा तेव्हा बंदच होते, लाइनवरच्या वायरमनच्या जिवासाठी. बॅटरी घेतली तर खर्च वाढतो, काही वर्षांनी ती बदलावीही लागते.
- पावसाळ्यातले आकडे बघून खट्टू होणं. नेट मीटरिंग, म्हणजे जादा वीज लाइनला देऊन ती बिलात वळती करून घ्यायची सोय, असेल तर एप्रिल-मेचे शिल्लक युनिट तेव्हा कामी येतात.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण विक्रेता नोंदणीकृतच हवा.

बॅटरी, हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्ही जोडलेली यंत्रणा) वगैरे नंतर बघू. आधी बिलं काढा आणि युनिट कळवा.