नवा गिलावा का सुटतो?

प्रश्न: आमचा स्वयंसेवकांचा गट एका गरजू कुटुंबाच्या घराची डागडुजी करतोय. विटांच्या भिंतीचा नवा गिलावा दोन आठवड्यांत फुगला, ठोकला की पोकळ वाजतो. सिमेंट कमी पडलं का?

उत्तर: बहुधा नाही. कोरड्या, धुळकट भिंतीवर माल (सिमेंट, वाळू आणि पाण्याचं मिश्रण) चढवला की विटा त्यातलं पाणी ओढून घेतात आणि गिलावा धरतच नाही. पोकळ भाग पूर्ण काढा, वरून थर देऊन झाकू नका. विटांमधले सांधे १० मिमी खोल खरवडा, तारेच्या ब्रशने धूळ झाडा, आदल्या दिवशी भिंत भिजवा. लावताना ती ओलसर हवी, पाणी ओघळणारी नको. १ भाग सिमेंटला ४ ते ५ भाग चाळलेली वाळू, जाडी साधारण १२ मिमी. सिमेंट वाढवलं तर उलट तडे जातात.

हौशी हातांची नेहमीची गडबड म्हणजे एकदम ढीगभर माल कालवणं. तो आवळायला लागला की वर पाणी ओतून पुन्हा ढवळतात. असा माल सरळ फेका. अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवा.

पुढे किमान ७ दिवस पाणी मारायचंय. गट सुट्टीच्या दिवशीच येत असेल, तर घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा. छत गळत असेल तर मात्र भिंतीला नंतर हात लावा.