जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीत आवाज आणि उष्णता फार आहे. साताऱ्यात स्वस्तात काय करता येईल?

आधी फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायरी-केबलच्या भोकांची रबरं आणि दारांचं बीडिंग बदला. बराच आवाज तिथूनच आत येतो.

मग मॅट काढून गंज घासा, प्रायमर मारा. ब्युटाइल शीट (पत्र्याला चिकटवायची जड, रबरासारखी शीट) सगळीकडे नको, पत्र्याची थरथर मोडायला प्रत्येक पॅनेलचा पाव ते तिसरा हिस्सा पुरतो. उष्णता मात्र तिनं अडत नाही. त्यासाठी वरून एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा नायट्राइल फोम सलग लावा. गिअरबॉक्सवरच्या उंचवट्यावर हात आखडू नका, यवतेश्वरचा घाट चढताना पाय भाजतात ते तिथूनच. गच्चीच्या गळतीवरची डांबरी शीट स्वस्त पडते खरी, पण एप्रिलच्या उन्हात गाडीभर वास मारते. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका.