आधी कांदा, मग मेंडेल

पेशीविभाजनाच्या अवस्थांची नावं घोकत बसू नकोस. कांद्याचं बूड पाण्याला टेकव, दोन-तीन दिवसांत मुळं फुटतील. कोवळं टोक ॲसिटोकार्मिनने (गुणसूत्रं रंगवणारं द्रव्य) रंगवून काचपट्टीवर दाब आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघ. पहिल्या खेपेला नुसता लगदा दिसेल, माझाही झाला होता. कांद्याची गुणसूत्रं १६. वाढीसाठीच्या सूत्री विभाजनानंतरही १६च. प्रजननासाठीच्या अर्धसूत्री विभाजनात ती ८ होतात, तीही पहिल्याच फेरीत. सगळे गोंधळतात ते इथेच.

आनुवंशिकतेत प्रभावी आणि अप्रभावी गुणांचं प्रमाण ३:१ असं डोळे मिटून लिहू नकोस. वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेललाही संकराच्या दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले, म्हणजे २.९६:१. तसंच आई-बाप दोघांतही आजाराचा अप्रभावी जनुक दबलेला असला, तरी चार भावंडांत एकाला आजार होणारच, असं म्हणू नकोस. प्रत्येक बाळाच्या वेळी नाणं नव्यानं उडतं.